सीनियरचे मत नको, वही मागा

भाषाविज्ञानाकडे वळू पाहणारा विद्यार्थी पहिली चौकशी करतो ती सरांची किंवा मॅडमची. 'कसे शिकवतात?' आणि लगेच पाठोपाठ, 'पेपर कसा काढतात?' पालकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: 'मार्क देतात का, आणि पुढे काय?' या चौकशीत चूक काहीच नाही. विषय अनोळखी आहे, शाळेत त्याची तोंडओळखही झालेली नसते, तेव्हा माणूस माणसावरून अंदाज बांधतो. अडचण उत्तरांची आहे. 'सर भारी आहेत', 'सरांचे डोक्यावरून जाते', 'मॅडम कडक आहेत पण चांगल्या आहेत', अशी उत्तरे मिळतात. त्यातून सांगणाऱ्याचा स्वभाव कळतो, त्याची हजेरी किती होती याचाही अंदाज येतो. पण त्या वर्गात आठवड्यामागून आठवडे नेमके काय घडते ते कळत नाही. ते कळण्याचे एक साधन प्रत्येक विभागात पडलेले असते आणि कुणी मागत नाही: त्या वर्गात बसलेल्यांच्या वह्या.

हे साधन किती बोलते याचा सर्वांत मोठा पुरावा जिनिव्हात आहे. फर्दिनां द सोस्यूर यांनी तिथल्या विद्यापीठात 1907 ते 1911 या काळात सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम तीनदा शिकवला. पहिल्या खेपेला वर्गात पाच-सहा विद्यार्थी होते, पुढच्या दोन खेपांना अकरा-बारा. आजच्या पालकांनी सरांची माहिती काढली असती तर त्यांना फारसे काही सापडले नसते. एकविसाव्या वर्षी लिहिलेला एक गाजलेला प्रबंध, संस्कृतातील एका षष्ठी-रचनेवर 1880 साली लाइपझिगला घेतलेली डॉक्टरेट, पॅरिसमधली दहा वर्षांची अध्यापकी, आणि नंतरच्या काळात छापील काम अगदी तुरळक. हा सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रमही त्यांनी हौसेने मागून घेतलेला नव्हता; आधीचे प्राध्यापक निवृत्त झाले म्हणून तो त्यांच्याकडे आला. 1913 मध्ये सोस्यूर वारले. त्यांची टिपणे मिळतील या आशेने सहकारी शोधू लागले, तर व्याख्यानांचे कच्चे खर्डे त्यांनी वेळोवेळी नष्टच केलेले. मग शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या दोघांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि त्यांवरून 1916 साली ग्रंथ उभा केला. गंमत अशी, की हे दोघेही त्या व्याख्यानांना बसलेले नव्हते. सेशए यांच्या पत्नी मार्गरित मात्र बसल्या होत्या, आणि त्यांची वही या कामी आली. विसाव्या शतकातल्या भाषाविज्ञानाचा पायाभूत मानला जाणारा ग्रंथ असा वर्गातल्या वह्यांतून निघाला.

त्या वह्यांतून शिक्षक कसा दिसतो, हे करिअरचा विचार करणाऱ्याने नीट पाहावे. मे 1911 मध्ये, सत्र संपत आलेले असताना, सोस्यूर यांनी चिन्हाच्या दोन बाजूंसाठी चिन्हक आणि चिन्हित या अर्थाच्या दोन नव्या संज्ञा वर्गापुढे ठेवल्या आणि आधी सांगितलेले या शब्दांत मांडले तर अधिक बरे होईल असे सुचवले. म्हणजे विद्यार्थ्यांनी आधीच्या पानांकडे परत वळायचे. 'मागच्या आठवड्याचे खोडा' असे सांगणारा शिक्षक आपल्याकडच्या सीनियरच्या तोंडी 'सर गोंधळलेले असतात' या सदरात जमा होईल. वहीत तोच प्रसंग वेगळा दिसतो: एक माणूस विचार करतो आहे आणि तो विचार वर्गासमोर बदलतो आहे. त्याच महिन्यात लेओपोल्द गोतिए या विद्यार्थ्याशी बोलताना सोस्यूर यांनी आपली कोंडी सांगितली होती. विषय त्याच्या साऱ्या गुंतागुंतीसह आणि स्वतःच्या शंकांसह मांडावा, तर परीक्षेच्या अभ्यासक्रमाला ते शोभत नाही; आणि विद्यार्थ्यांना पेलेल इतका सोपा करावा, तर प्रत्येक पावलावर संकोच वाटतो. आज कोणत्याही विद्यापीठातल्या प्रामाणिक प्राध्यापकापुढे हीच कोंडी असते. प्रवेश घेण्याआधी कळायला हवे ते इतकेच, की आपल्या होऊ घातलेल्या शिक्षकांनी ती कोणत्या बाजूने सोडवली आहे. ते मतावरून कळत नाही, वहीवरून कळते.

वहीत काय पाहायचे? व्याख्या किती आणि सामग्री किती, हे पहिले. ज्या वहीत 'भाषा म्हणजे काय : सहा व्याख्या', 'भाषेची वैशिष्ट्ये : दहा मुद्दे' असे पानामागून पान आहे, तो वर्ग पाठांतराचा. त्याने पेपर सुटेल, विषय हाती येणार नाही. चांगल्या वहीत भाषेचे नमुने असतात आणि त्यांच्याशी केलेली झटापट असते. मराठीचेच घ्या. 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली': बोलणारा पुरुष असो की स्त्री, क्रियापद आंब्या-पोळीच्या मागे जाते. 'शिक्षिकेने मुलीला बोलावले' या वाक्यात दोघीही स्त्रिया, तरी क्रियापद नपुंसकलिंगी. मग विद्यार्थी नियम मांडतो, की प्रत्यय न लागलेल्या नामाशी क्रियापद जुळते आणि तसे नाम नसेल तर नपुंसकलिंगी एकवचन येते. तेवढ्यात कुणीतरी विचारते, 'मी'ला तरी कुठे प्रत्यय दिसतो? आणि 'तू पोळी खाल्लीस' यातला 'स' कुणाशी जुळतो? नियम कोलमडतो, पुन्हा बांधावा लागतो. अशी खाडाखोड असलेले एक पान वहीत सापडले, तर शिक्षकांच्या नावाआधी कोणत्या पदव्या आहेत याची चिंता फारशी करू नये. दुसरी खूण म्हणजे घरी दिलेल्या कामावरचे शेरे: नुसती बरोबरची खूण आहे, की 'हे उदाहरण तुमच्या नियमात बसते का?' असा प्रश्न आहे. क्षेत्रकार्य झाले असेल तर ध्वनिलिपीत टिपलेली पाने असतील. तेवढे पुरे.

यावर पहिला आक्षेप जिनिव्हाच्याच गोष्टीतून निघतो, आणि तो वजनदार आहे. वही फसवू शकते. बाली आणि सेशए यांनी तीन वेगवेगळ्या वर्षांच्या वह्या एकत्र करून जे सलग, ठाम पुस्तक घडवले, ते वर्गातल्या सोस्यूरपेक्षा कितीतरी निश्चिंत वाटते. रॉबेर गोदेल यांनी 1957 मध्ये मूळ हस्तलिखित साधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, पाठोपाठ एमिल कॉन्स्तांतँ या विद्यार्थ्याची तिसऱ्या अभ्यासक्रमाची अतिशय भरगच्च टिपणे उजेडात आली, आणि मग संपादकांनी कुठे क्रम बदलला, कुठे शंका पुसली हे उलगडू लागले. म्हणजे एका वहीवर विसंबणे धोक्याचेच. पण या आक्षेपातूनच पद्धतही मिळते. एकाच वर्गाच्या दोन-तीन वह्या पाहाव्यात, आणि त्यांत एक तरी पहिल्या क्रमांकाची नसावी. सगळ्या वह्या शब्दशः सारख्या असतील तर तो वर्ग श्रुतलेखनाचा. सारांश जुळतो पण उदाहरणे, प्रश्न, समासातल्या नोंदी वेगळ्या आहेत, असे दिसले तर तिथे विद्यार्थी जागे होते. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर फिरणाऱ्या टंकलिखित 'नोट्स'ना वही समजू नये. त्या परीक्षेच्या असतात, वर्गाच्या नसतात.

दुसरा आक्षेप: शिक्षक मोठा असला की विद्यार्थी मोठा होतो, मग नावामागे का जाऊ नये? मोठा शिक्षक फरक पाडतो हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठीच त्याची साक्ष आहे. सोस्यूर यांच्या पॅरिसच्या वर्गात आंत्वान मेये बसत. मेये यांचे विद्यार्थी ज्यूल ब्लॉक. आणि ब्लॉक यांनी 1920 साली मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याशिवाय मराठीच्या इतिहासाचा शास्त्रीय अभ्यास पुढे जात नाही. वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. परंतु या साखळीत एका पिढीकडून दुसरीकडे गेली ती पद्धत. शिफारसपत्रात मिरवायचे नाव नव्हे. मेये यांनी सोस्यूरची री ओढली नाही, ब्लॉक यांनी मेयेंची नाही. प्रत्येकाने ती पद्धत वेगळ्या सामग्रीवर चालवली. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे, जी पालकांना नक्की पटेल. प्राध्यापक निवृत्त होतात, दुसऱ्या विद्यापीठात जातात, रजेवर जातात. ज्यांच्या नावासाठी प्रवेश घेतला ते दुसऱ्या वर्षी वर्गावर असतीलच असे नाही. विभागाची काम करून घेण्याची सवय त्यामानाने टिकाऊ असते, आणि ती एका नव्हे, चार शिक्षकांच्या वह्यांत दिसते.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो थेट आहे: वही कितीही सुंदर असली तरी नोकरीचे काय? भाषाविज्ञानाच्या पदवीला डॉक्टर-इंजिनिअरसारखे एकच ठरलेले दार नाही, हे आधीच मान्य करावे. अध्यापनासाठी यूजीसी-नेटमध्ये हा स्वतंत्र विषय आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था 1969 पासून भारतीय भाषांवर काम करते. कोशकार्य, भाषांतर, परभाषकांना भाषा शिकवणे ही जुनी क्षेत्रे आहेतच. नवे क्षेत्र भाषा-तंत्रज्ञानाचे. सी-डॅक, केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प आणि खासगी कंपन्या यांना भारतीय भाषांची सामग्री तपासणारी, तिच्यावर नेमक्या खुणा करणारी माणसे लागतात. तिथे मुलाखतीत सहसा प्राध्यापकाचे नाव कुणी विचारत नाही. समोर अनोळखी वाक्ये ठेवतात आणि यात काय नियम दिसतो असे विचारतात. म्हणजे पुन्हा ती खाडाखोडीच्या पानावरची सवयच कामी येते. या क्षेत्रात जायचे तर संगणकाची एखादी भाषा आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख सोबत हवी. ती विभागात मिळत नसेल तर बाहेरून घ्यावी लागते, हे प्रवेशाच्या वेळीच मुलांना स्पष्ट सांगावे. विषय आपल्याला अनपेक्षित ठिकाणीही नेतो. सोस्यूरच्या वर्गात टिपणे घेणाऱ्या त्याच मार्गरित सेशए पुढे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या मनोविश्लेषक म्हणून नावाजल्या. अर्थात अशा एका उदाहरणावरून कुणी मुलांचे भवितव्य ठरवू नये.

इथे एक घोळ वारंवार होतो. तोतरेपणा, वाचादोष, श्रवणदोष यांवर उपचार करायचे असतील तर भाषाविज्ञानाचे एम. ए. उपयोगी नाही. त्यासाठी बीएएसएलपी हा वेगळा अभ्यासक्रम लागतो, बारावीला विज्ञान शाखा असावी लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत तो आहे. दोन्हींत 'भाषा' आणि 'वाणी' हे शब्द येतात म्हणून एकाऐवजी दुसऱ्यात प्रवेश घेणे महागात पडते.

राहिला प्रश्न वह्या मिळवायच्या कशा. पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग गाठता येत असेल तर मधल्या सुटीत जावे, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटावे. सरांबद्दल विचारले की जी मुले सावध होतात, ती वही दाखवायला बहुधा तयार असतात. पालकांनी या भेटीत मागे राहावे, मुलांना बोलू द्यावे. गाव लांब असेल तर विभागाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मागवाव्यात: 'टीपा लिहा' किती आणि 'पुढील सामग्रीचे विश्लेषण करा' किती, यावरून अर्धे कळते. आणि आपल्या मुलाला या कामाची गोडी आहे का हे तपासायला विभागाचीही गरज नाही. आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड 2003 पासून भरते, 2016 मध्ये ते म्हैसूरला झाले होते, आणि भारताचा संघ निवडण्यासाठी पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिंपियाड घेतले जाते. त्यांचे जुने प्रश्न इंटरनेटवर फुकट मिळतात. अनोळखी भाषेतली दहा-पंधरा वाक्ये, त्यांचे अर्थ, आणि त्यातून नियम शोधायचा, असे त्यांचे स्वरूप असते. पूर्वज्ञान लागत नाही. दोन-तीन प्रश्न घेऊन रविवारची दुपार बसावे. उत्तर आले नाही तरी चालेल, पण जेवायला हाक मारल्यावर मूल 'थांब, हे एवढे बघू दे' म्हणते की सुटल्यासारखे उठते, हे पालकांनी लक्षात ठेवावे आणि मगच अर्ज भरायला घ्यावा.