रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

ऑनलाइन अभ्यासक्रमातला आमच्या गटाचा प्रकल्प परत आला, तो एका ओळीच्या प्रश्नामुळे.

आम्ही चौघे चार गावांतले, एकमेकांना प्रत्यक्ष कधीच न भेटलेले. विषय होता पावसाच्या रोजच्या नोंदी. तक्त्यातले बरेच रकाने रिकामे दिसले, म्हणून गटातल्या एकाने मार्गदर्शकांना लिहिलं, ‘सर, रिकाम्या रकान्यांत शून्य कसं भरायचं?’ सरांनी लगेच सूत्र पाठवलं. सूत्र अचूक होतं. शून्यं भरली, सरासरी निघाली, आलेख रंगले. परीक्षकांनी मात्र पहिल्याच पानावर विचारलं: ऐन जुलैत इतके कोरडे दिवस आले कुठून?

आपल्याकडे पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी ८.३० वाजता घेतात. नोंद घेणारा माणूस रजेवर असेल तर रकाना रिकामा राहतो, पाऊस मात्र पडलेला असू शकतो. कधी दोन दिवसांचं पाणी दुसऱ्या दिवशी एकदम मोजलं जातं. समजा, दहा दिवसांत सहाच नोंदी आहेत आणि त्यांची बेरीज ६० मिलिमीटर. नोंदलेल्या दिवसांची सरासरी येते १०. रिकाम्या जागी शून्य घातलं की ती ६ वर उतरते. एवढ्या फरकावर कुणी पेरणीचा सल्ला दिला तर?

वर्गात बसलो असतो तर बाईंनी किंवा सरांनी ‘शून्य कशाला रे?’ असं तिथल्या तिथे विचारलं असतं. पडद्यापलीकडच्या शिक्षकाला आपला चेहरा दिसत नाही, अडखळणं ऐकू येत नाही. शेकडो निरोपांतली आपली एक ओळ तेवढी दिसते. म्हणून आधी हेतू लिहा, मग अडचण: ‘मला जुलैची सरासरी काढायची आहे. काही दिवसांची नोंद नाही. ती का नाही, हे तक्त्यात दिलेलं नाही. शून्य धरणं योग्य होईल का?’ सोबत तक्त्याच्या चार-पाच ओळी मजकूर म्हणून जोडा. मोबाइलने तिरका काढलेला पडद्याचा फोटो कुणालाच वाचवत नाही. आजवर काय करून पाहिलं, काय अपेक्षित होतं आणि काय आलं, हेही सांगा. एआयला विचारतानाही हेच करा. नुसतं सूत्र मागितलंत तर बहुधा नुसतं सूत्रच मिळेल.

असं लिहिताना पुष्कळदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ मधल्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात रबरी बदकाला ओळीओळीनं कोड समजावून सांगण्याची युक्ती आहे. बदक नसेल तर घरातल्या कुणाला तरी मराठीत सांगा. इंग्रजीत विचारायचं असलं तरी आधी मराठीत मांडलेला प्रश्न अधिक नेमका होतो, असं माझं ठाम मत आहे.

नेमका प्रश्न सुचायला कल्पकताही लागते. पण कल्पकता म्हणजे रंगीत स्लाइड, हा समज मला मान्य नाही. रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ सुचणं ही कल्पकता: पाऊस नव्हता, माणूस नव्हता, की यंत्र बिघडलं होतं? त्यासाठी गटात कुणीतरी ‘मला पटत नाही’ असं लिहायला हवं. कॉलवरच्या शांततेला होकार समजू नका. कॉल संपल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत लिहून प्रत्येकाकडून उत्तर घ्या. आणि शिक्षकांचं उत्तर आलं, की ते वापरून काय निकाल आला हे त्यांना परत कळवा. आम्ही सरांना पहिला आलेख दाखवला असता, तर तो कोरडा जुलै त्यांनाही दिसला असता.