प्रथम भेटीचें इंग्रजी

सालेकसा येथील बाजारांत घटकाभर उभें राहिलें तर कोणी 'रामराम' म्हणतो, कोणी 'नमस्कार', कोणी 'जय भीम'. पूर्वेकडील सीमेपलीकडचा छत्तीसगडी मनुष्य 'जय जोहार' म्हणतो, आणि माघी पौर्णिमेस कचारगडाच्या यात्रेस निघालेले गोंड बांधव एकमेकांस 'जय सेवा' म्हणतात. कोणापुढें कोणता शब्द उच्चारावा, हें आमच्या लेंकरांस शिकवावें लागत नाहीं. मग तींच 'गुड मॉर्निंग' म्हणतांना कां अडखळतात? महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविलें जातें. तरी परिचारिकेच्या शिक्षणाकरितां नागपुरास मुलाखतीस गेलेली मुलगी दारांतच मुकी उभी राहते, आणि तिच्या भीतीस समोरचे लोक अज्ञान समजतात. यास्तव या पाठांत प्रथम भेटीचीं चारदोन वाक्यें आम्ही घेतों. त्यांचें शब्दशः भाषांतर करूं नये. कोणतें वाक्य कोणतें काम करितें तें पाहावें.

आपला रामराम सकाळीं चालतो व रात्रींहि चालतो. इंग्रजींत मध्यान्हापर्यंत 'गुड मॉर्निंग', नंतर 'गुड आफ्टरनून', दिवस कलल्यावर 'गुड ईव्हनिंग'. रात्रीं नऊ वाजतां कोणी भेटला तरीहि 'गुड ईव्हनिंग'च म्हणावें, कारण 'गुड नाइट' हा निरोप आहे. पाहुणा उंबरठ्यावर येतांच तें म्हटलें तर 'बरें, या आतां' म्हणून त्यास वाटेस लाविल्यासारखें होईल.

नांव सांगतांना 'माय नेम इज सविता' किंवा 'आय ॲम सविता' एवढें पुरे. 'मायसेल्फ सविता' हें फार ऐकूं येतें, परंतु तें शुद्ध नव्हे. 'मिस्टर' हा शब्द दुसऱ्याच्या आडनांवापूर्वीं लावावा. स्वतःच्या नांवास लावूं नये.

शिकणाऱ्यांस सर्वांत अधिक संकोच वाटतो तो 'यू' या शब्दाचा. गुरुजींस 'यू' आणि अंगणांतल्या कुत्र्यासहि 'यू', हें कसें? पूर्वीं इंग्रजींतहि 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही असा भेद होता. १६११ सालच्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत एकाच व्यक्तीशीं बोलतांना, मग ती देव असो कीं दास, 'दाऊ' असेंच येतें. पुढें नित्याच्या बोलण्यांतून 'दाऊ' गेला व 'यू' उरला. म्हणजे इंग्रज मनुष्य कुत्र्यासहि 'तुम्ही' म्हणतो! तेव्हां वडील माणसांस 'यू' म्हणतांना जीभ कचरूं देऊं नये. आदर दाखवावयाचा तो 'सर', 'मॅडम', 'प्लीज' या शब्दांनीं, आणि आंत पाऊल टाकण्यापूर्वीं 'मे आय कम इन' असें विचारून.

'हाऊ आर यू' असें कोणी विचारल्यास 'आय ॲम फाइन, थँक यू' म्हणावें. तो आपल्या 'कसें काय?' यासारखाच प्रश्न आहे. गुडघेदुखीची हकीकत तेथें कोणी मागत नाहीं.

निघतांना 'गुड बाय'. हा शब्द 'गॉड बी विथ यी', म्हणजे 'देव तुम्हांबरोबर असो', या वाक्याचा झिजून झालेला आहे. आपल्या घरीं 'जातों' म्हणणें अशुभ, म्हणून आपण 'येतों' म्हणतों. पण तेंच इंग्रजींत 'आय ॲम कमिंग' असें म्हटलें, तर यजमान बिचारा दार उघडें ठेवून वाट पाहात बसेल.