नगरहून आलात? मग ह्युटनबर्गला जाऊन या

ऑस्ट्रियात नव्याने आलेल्याला पहिल्याच उन्हाळ्यात जो तो हाल्श्टाटला पाठवतो. तळे देखणे आहे, गर्दीही तशीच. इथे मुरलेल्या मराठी घरांतले सल्ले गोळा करताना आम्ही नगर जिल्ह्यातल्या मंडळींसाठी मात्र वेगळे नाव राखून ठेवले आहे: दक्षिणेकडच्या केर्न्टन प्रांतातले ह्युटनबर्ग.

गाव एवढेसे, पण जुने. इथल्या डोंगरातले लोखंड रोमन लोकांपर्यंत पोचले होते. १९७८ मध्ये खाण बंद पडली. क्नापेनबर्ग वस्तीत तिचा काही भाग आता पाहायला मिळतो. भर उन्हाळ्यातही आत हुडहुडी भरते, तेव्हा मुलांना स्वेटर घ्याच.

आपले नाते मात्र लोखंडाशी नाही, हाइनरिश हारर याच्याशी. १९१२ मध्ये इथे जन्मलेला हा गिर्यारोहक १९३९ मध्ये नंगा पर्बतच्या मोहिमेवर आला आणि युद्ध सुरू होताच इंग्रजांनी त्याला कराचीत पकडले. त्यानंतर त्याची रवानगी झाली ती आपल्या नगरच्या छावणीत! पहिल्या महायुद्धातही इंग्रजांनी जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना नगरलाच डांबले होते. तिथून देवळालीला हलवताना ट्रकमधून उडी मारायची आणि पोर्तुगीजांच्या गोव्याकडे पळायचे, असा हाररचा बेत होता. तो फसला. पुढे त्याला डेहराडूनच्या छावणीत नेले; तिथून १९४४ मध्ये तो निसटला आणि १९४६ मध्ये ल्हासाला पोचला. त्याच्या ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ या पुस्तकाच्या सुरुवातीला नगर भेटते. अर्थात तिथे अहिल्यानगर शोधू नका, अहमदनगर शोधा.

गावातल्या त्याच्या संग्रहालयात तिबेटी वस्तूंसाठी निवांत वेळ ठेवा. समोरच्या कड्यावर तिबेटी धर्तीची परिक्रमेची वाट आहे, लोखंडी जिन्यांची. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच पाहा. मुलांना हाररची गोष्ट सांगताना अर्धी सांगू नका. तो नात्सींच्या एसएसचा सभासद होता, हे १९९७ मध्ये उघड झाले. आमच्या मते धाडसाइतकेच हेही सांगायला हवे.

गावापर्यंत आता प्रवासी रेल्वे जात नाही. स्वतःची गाडी नसेल तर बसच्या वेळा आधी पाहा, रविवारी तर नक्कीच. संग्रहालय हिवाळ्यात बंद असते. दुकानात शिरताना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणा. व्हिएन्नात एक वेळ चालून जाते, पण खेड्यात न बोलता आत शिरलेला माणूस उद्धट ठरतो.

शाकाहारी मंडळींनी ‘कासनुडेल्न’ मागवावे. दही-पनीरच्या मधल्या चवीचे चीज, बटाटा आणि पुदिना भरून कडेला करंजीसारखी मुरड घातलेली असते. वरून वितळलेले लोणी. काही ठिकाणी त्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडेही पेरतात, म्हणून मागवतानाच ‘ओने ग्रामेल्न’ असे सांगून टाका.