मेंढ्यांची खरूज व औषधी स्नान

खरजेने मेंढीची लोकर झडते व ती खंगत जाते. या रोगाचे सूक्ष्म किडे लोकरीखाली कातडीवर राहत असल्यामुळे औषध वरवर शिंपडून भागत नाही. कातरणीच्या जखमा भरल्यावर, कोरड्या दिवशी सकाळी, मेंढ्यांस पाणी पाजून औषधाच्या हौदात सोडावे. प्रत्येकीस पुरते १ मिनिट भिजू द्यावे व डोके एकदोनदा बुडवावे. पुष्कळ औषधांनी किड्यांची अंडी मरत नाहीत. ज्या औषधाचा अंमल लोकरीत टिकत नाही, त्याचे स्नान १० ते १४ दिवसांनी पुन्हा घालावे. उरलेले पाणी ओढ्यात सोडू नये. एक मेंढी वगळली तरी सारा कळप पुन्हा खरजेल, हे आमच्या मेंढपाळ बंधूंनी ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे.