उभ्या गाडीतील बॅटरी का उतरते?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात मोटारीच्या मागे जोडून न्यावयाचे एक फिरते घर पुष्कळ कुटुंबे बाळगतात. त्यास ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. निजावयाचा पलंग, शेगडी, शीतकपाट व दिवे एवढा संसार त्यात मावतो. उन्हाळा सरला की हे घर अंगणात किंवा भाड्याच्या आवारात उभे राहते. त्याला स्वतःचे एंजिन नसते. दिवे व पंखे चालतात ते पुढील दांड्यावर बसविलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. वसंतात मालक दार उघडतो तो दिवा लागत नाही, आणि सारा दोष बॅटरी बनविणाऱ्याच्या माथी येतो. वस्तुतः बहुधा बॅटरी निर्दोष असते. तिला कोणीतरी सावकाश रिकामी केलेले असते.

हे कोणीतरी म्हणजे कोण? दिवे मालविले म्हणजे प्रवाह थांबला असा समज होतो, पण तो खरा नव्हे. गॅसच्या गळतीची सूचना देणारे यंत्र अहोरात्र जागे असते. रेडिओ आपली घड्याळाची स्मृती राखण्यासाठी किंचित वीज घेतो. शीतकपाटाचे नियंत्रक मंडलही थोडी घेते. या सर्वांचा प्रवाह मिळून एकदशांश अँपिअर धरला, तर दिवसाला २.४ अँपिअर-तास खर्ची पडतात. ८० अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने १७ दिवसांत अर्धी व सुमारे ३३ दिवसांत पूर्ण रिकामी होते. हिवाळा तर चार-पाच महिन्यांचा!

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची बॅटरी सिद्ध केली. तिची मूळ घडण आजही तीच आहे: एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, व दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल. वीज देताना अम्ल खर्च होऊन दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते. लगेच विद्युद्भार भरला तर ते विरघळते. महिनोगणती तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि बॅटरीची धारणशक्ती कायमची घटते. थंड मुलखात दुसरेही संकट असते. अम्ल कमी झाल्यामुळे उरलेला द्राव जवळजवळ पाण्यासारखा होतो. भरलेल्या बॅटरीतील द्राव उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. रिकाम्या बॅटरीतील मात्र उणे १० अंशांच्या आसपास गोठून कोठी तडकवितो.

उपाय सोपा आहे. पुष्कळ गाड्यांत बॅटरी तोडण्याचे बटण असते, परंतु गॅसची सूचना देणारे यंत्र कित्येकदा त्या बटणाला वळसा घालून थेट बॅटरीस जोडलेले असते. म्हणून खात्रीचा मार्ग म्हणजे ऋण टोकाची तार आधी व धन टोकाची नंतर सोडणे. तार सोडली की ते सूचक यंत्र मुके होते, हे विसरता कामा नये. सिलिंडरच्या तोट्या बंद कराव्यात व अशा गाडीत कोणी निजू नये. आणखी एक चूक वारंवार घडते. ट्रेलर मोटारीपासून तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी एक खीळ असते. ती उभ्या गाडीत निसटली तर विद्युत्‌ब्रेक सतत वीज ओढतात व बॅटरी थोड्याच वेळात संपते.

तार सोडली तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच, आणि उष्णतेत अधिक वेगाने उतरते. यास्तव ठेवण्यापूर्वी तिला पूर्ण भरावी, व काही तास विसावल्यावर व्होल्टमापकाने तपासावी. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. दरमहा तपासून १२.४ च्या खाली गेल्यास पुन्हा भरावी. भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून खोली हवेशीर असावी व ठिणगी टाळावी. अलीकडे स्वयंनियंत्रित भारक किंवा नियंत्रकासह लहान सौरपट्टी वापरून हे काम विनासायास होते. केवळ साधा भारक दिवसेंदिवस जोडून ठेवल्यास मात्र द्राव आटतो. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने उतरते, हा समज प्लॅस्टिकच्या कोठ्यांच्या काळात निराधार आहे.

लिथियम लोह फॉस्फेटच्या नव्या बॅटरीची रीत वेगळी. तिला अर्धी भरून ठेवणे हिताचे, आणि शून्य अंशाखाली ती भरू नये. थंडीत भरल्यास लिथियम धातू ऋण पट्टीवर साचून आतूनच इजा करतो.