सरकलेली गादी आणि शस्त्रक्रियेच्या पद्धती : एक तुलनात्मक परिचय



पनवेल परिसरातील अनेक घरांची चूल कंबरेच्या बळावर पेटते. न्हावा-शेवा बंदरावर माल हलविणारे, तळोज्याच्या कारखान्यांत राबणारे, भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या भगिनी, ही सर्व आपलीच माणसे आहेत. अशा घरात कुणाच्या मणक्याची गादी सरकली की ऑपरेशन करावे का आणि करावे तर कोणते, हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळदा त्याचे उत्तर जाहिरात पाहून दिले जाते आणि त्यासाठी कर्जही काढले जाते. म्हणून या विषयाचा आम्ही येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

दोन मणक्यांमधील गादीचे बाहेरील कडे चिवट व आतील गर मऊ असतो. कडे फाटून गर बाहेर आला आणि त्याचा मज्जातंतूच्या मुळावर दाब पडला की कळ नितंबातून पायात उतरते. यालाच सायटिका म्हणतात. हे कारण व त्यावरील शस्त्रक्रिया बोस्टनच्या मिक्स्टर व बार या डॉक्टरांनी १९३४ साली जगापुढे मांडली. तेव्हापासून पुढील पद्धती रूढ झाल्या.

१) उघडी शस्त्रक्रिया : मोठा छेद घेऊन, स्नायू बाजूला करून व हाडाचा काही भाग काढून गादीचा तुकडा काढतात. सर्व भाग डोळ्यांना स्पष्ट दिसतो, परंतु स्नायूंना इजा अधिक होते.

२) सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया : यासरगिल व कास्पर यांनी १९७७ साली ही पद्धत पुढे आणली. सुमारे दोन ते तीन सेंटीमीटरचा छेद पुरतो. आजही इतर पद्धतींची तुलना बहुधा हिच्याशीच केली जाते.

३) नळीतून शस्त्रक्रिया : १९९७ साली फोली व स्मिथ यांनी मांडलेल्या या पद्धतीत स्नायू हाडापासून न सोडविता नुसते फाकवून नळी आत सारतात.

४) दुर्बिणीची शस्त्रक्रिया : छेद सुमारे एक सेंटीमीटरचा असतो व पुष्कळदा जागेवरची भूल पुरते. मात्र ती शिकण्यास डॉक्टरांना दीर्घ सराव लागतो.

मणके जोडण्याची फ्यूजन शस्त्रक्रिया याहून निराळी आहे. तिच्यातील 'प्लिफ' या प्रकाराशी गोव्याचे सुपुत्र डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव जोडलेले आहे. मणका अस्थिर असेल तेथे ती उपयोगी पडते. साध्या सरकलेल्या गादीवर पहिल्याच वेळी तिची सहसा गरज नसते.

मग श्रेष्ठ कोणती? नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळीची पद्धत सूक्ष्मदर्शकाच्या पद्धतीहून सरस ठरली नाही. त्याच देशातील २०२२ च्या अभ्यासात दुर्बिणीची पद्धत पायाच्या कळेबाबत उघड्या सूक्ष्मशस्त्रक्रियेपेक्षा कमी पडली नाही. तात्पर्य, छेद लहान म्हणजे गुण अधिक, असे समीकरण नाही. शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे काय आणि डॉक्टरांचा हात कोणत्या पद्धतीत बसलेला आहे, हे अधिक महत्त्वाचे.

गरजेविषयीही पुरावा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २८३ रुग्णांच्या डच अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली. परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणून सहा ते बारा आठवडे औषधे, बेताची हालचाल व व्यायाम करून पाहणे बहुतेकांना हिताचे ठरते. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे, त्याला लवकर कामावर परतण्याचे मोल अधिक असते. त्याने हा हिशेब डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावा.

एका बाबतीत मात्र मुळीच थांबू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरता येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

सही करण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : एम.आर.आय.मधील दोष आणि माझी कळ यांचा मेळ बसतो काय? थांबल्यास काय होईल? आपण ही पद्धत किती वेळा केली आहे? गादी पुन्हा सरकण्याचा संभव किती? खर्चाबाबत शासनाच्या जन आरोग्य योजनेची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आधी करावी, सावकाराकडे नंतर जावे.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अनादर नव्हे. विद्यार्थी मित्रांनी ही माहिती आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.