हात आखडला तेव्हा श्वास कसा चालला होता?

अगं, मघाशी फोनवर तू घाईत होतीस, म्हणून नीट लिहूनच पाठवते. दोन्ही हातांना मुंग्या आल्या, ओठांभोवती झिणझिण्या, मग बोटं आपोआप आखडून एकमेकांना चिकटली, आणि सासूबाई म्हणाल्या, वात आलाय, तेल चोळ. खुशाल चोळ. पण त्या वेळी श्वास भराभर चालला होता का, ते आठव.

घाबरून जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि नसा चाळवतात. श्वास शांत झाला की ओसरतं. याला कुणी मनाचे खेळ म्हटलं तर मनावर घेऊ नकोस, शरीरात ते खरंच घडतं. तोंडावर कागदी पिशवी मात्र धरायची नाही. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा.

तरी सगळं खापर भीतीवर फोडू नकोस. कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्व खरोखरच कमी असलं, तरी हात असेच आखडतात. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि आपण शाकाहारी, म्हणून बी-१२ तपासच. ते घटलं की तळपाय बधिर होतात, चालताना तोल जातो. वर्षानुवर्षं घेतलेली ॲसिडिटीची गोळी, मधुमेहाची मेटफॉर्मिन, यांनीही ते घटतं. तपासणीआधी परस्पर इंजेक्शनं टोचून घेऊ नकोस गं, रिपोर्ट फसवा येतो.

जुलाबांनंतर पोटरीत गोळे येतात ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर बहुधा मनगटात नस दबलीय.

आता हे जपून वाच. एकाच बाजूचा हात-पाय अचानक बधिर किंवा लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर चहा-पाणी करत बसू नका, १०८ लावा. तो पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षणं आपोआप गेली तरी दवाखान्यात जायचंच. तसंच, पायांपासून सुरू झालेला बधिरपणा आणि अशक्तपणा दिवसागणिक वर चढत असेल, तर थांबायचं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात अशाच गुलेन-बारी नावाच्या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, ते आठवतंय ना? त्यात श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात.

तुझं तसं दिसत नाही. तरी या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ने.